निंबाजी गुरुजी आणि डावा हात

आमच्या धाड गावात निंबाजी गुरुजी समोरून येताना दिसले, की माणसं आधी त्यांच्या हाताकडे बघतात. कारण गुरुजी नमस्कार-चमत्कार करत नाहीत, थेट काहीतरी फेकतात. लिंबू, वांगं, कांदा, पिशवीत असेल ते. "झेल बे!" हे फेकून झाल्यावर ओरडतात. समोरचा कोणत्या हातानं झेलतो, एवढंच त्यांना बघायचं असतं. उजव्यानं झेललं, की "जाय, सुखी राह्य," म्हणतात आणि वस्तू परत मागून घेतात. डाव्यानं झेललं, की त्याला ओढत हॉटेलात नेऊन जिलेबी खाऊ घालतात.

एका बाजाराच्या दिवशी त्यांनी एसटीच्या कंडक्टरला वांगं फेकलं. त्यानं ते डाव्या हातानं झेललं. गुरुजी नाचायचेच बाकी राहिले.

"अहो, उजव्या हातात तिकिटाचं मशीन आहे," कंडक्टर म्हणाला.

"बाद! मशीन ठेव खाली. पुन्हा फेकतो."

गाडी पाच मिनिटं थांबली. एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, तर त्यांनी नवऱ्या मुलालाच सुपारी फेकली, आणि पठ्ठ्यानं डाव्यानं झेलली. मुलीकडच्या बाया कुजबुजायला लागल्या. गुरुजी भर मांडवात उभे राहिले. "डोक्यात दोन इंजनं असतात बाप्पा. डावं इंजन उजवा हात ओढते, उजवं इंजन डावा. वायरिंगच तशी हाये. त्यात त्या पोराची का चूक? हात दंडाले लटकते, पण राह्यते डोक्यात!" लग्न ठरलं ते ठरलंच.

हे ज्ञान गुरुजींना फार उशिरा झालं. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, लकवा मारला, उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडात धरून सांगितलं, की बिघाड डाव्या बाजूला आहे. गुरुजी फोटोकडे बघतच राहिले. वर्षभरानं काकू गेल्या आणि ही फेकाफेक सुरू झाली.

गाव हसतं. मीही हसतो, पण मला तो हक्क नाही.

चाळीस वर्षांपूर्वी हेच गुरुजी आमच्या वर्गावर होते. मी मॉनिटर होतो आणि त्यांची मुलगी वनिता माझ्याच वर्गात होती. ती डावखुरी. "मास्तरचीच पोरगी डाव्यानं लिहिते म्हणल्यावर लोकायले का तोंड दाखवू?" असं गुरुजी म्हणायचे. मग रोज सकाळी तिच्याच वेणीची लाल फीत घेऊन तिचा डावा हात खिडकीच्या गजाला बांधायचं काम माझ्याकडे आलं. शाळा सुटली की सोडायचं कामही माझ्याकडेच.

आज गुरुजी चारचौघांत सांगतात, "म्या बांधला व्हता माह्या पोरीचा हात." माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मीही कधी सांगितलं नाही.

परवा वनिता सोनाळ्याहून माहेरी आली. मी मळ्यातली मेथी द्यायला गेलो, तर गुरुजी मुठीत लिंबू घेऊन ओसरीवर बसलेले. सगळ्या गावाला फेकणाऱ्या माणसाला पोरीला फेकायचा धीर होत नव्हता. शेवटी तीच म्हणाली, "फेका ना बाबा. लोकायले फेकता, मलेच काऊन नाही?"

गुरुजींनी लिंबू फेकलं. वनितानं ते झेललं. उजव्या हातानं, अगदी सहज.

गुरुजींचा चेहरा उतरला. "गेला न वं तुहा हात," एवढंच म्हणाले.

"हात कुठी जाते बाबा," वनिता हसली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "फितीचं काही नाही वाटे. पण शाळा सुटली की सारे पयून जात, अन् मले सोडाचं कोणाच्याच ध्यानात नाही राहे. मंग मी दातानं सोडत होती."

मी मान खाली घातली. गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "मीच विसरत व्हतो बाई. याले काही म्हणू नको. लेकरू व्हतं हे."

मी विसरत नव्हतो. सकाळी हात बांधायच्या आधी वनिता डाव्या हातानं पाटीवर अशी बैलजोडी काढायची, की सगळा वर्ग माझी पाटी सोडून तिच्या पाटीभोवती जमायचा. म्हणून मी मुद्दाम गाठ तशीच ठेवून पळायचो. फाटकापाशी गेल्यावर एकदा वळून बघायचो, ती खिडकीत दिसायची. तरी मी माघारी फिरलो नाही, एकदाही नाही. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, ती आता वाटते. बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुजींनी चहाचा कप माझ्यापुढं केला.

"घे सुभाष. गरम हाये."

वनिता माझ्याकडे बघत होती. मी कप घेतला आणि चहा चांगला झालाय म्हणालो.