सुलूचा कडक मंगळ

विश्व समजावून सांगणं ही मुळात फार सोपी गोष्ट आहे. अवघड असतं ते समजून घेणं, आणि ते काम समोरच्याचं. हे माझं ठाम मत होतं आणि मी ते एका शनिवारी सकाळी, मुलांची प्रार्थना संपेपर्यंत बाळगलं होतं.

माणूस चंद्रावर जाऊन आला, ते साल. मुलुंडला आमच्या तळमजल्यावरच्या ब्लॉकच्या बाहेरच्या खोलीत माझी बायको कमळ माँटेसरी चालवायची. खरं सांगायचं तर माँटेसरीच्या आतल्या खोलीत आम्ही राहायचो. घरात खुर्च्या पुष्कळ, पण सगळ्या माझ्या पोटरीपर्यंत येणाऱ्या. सकाळचा पेपर मी गुडघे कानांशी घेऊन वाचत असे. पाहुणा एकदा बसला की त्याला उठवायला दोघं लागायचे. त्यामुळे पाहुणे कमी झाले होते. माँटेसरी पद्धतीचा हा फायदा पुस्तकात दिलेला नाही.

त्या वर्षी मुलं चंद्राशिवाय बोलत नव्हती. कमळ म्हणाली, "पद्धतीत सांगितलंच आहे. मुलाला आधी अख्खं विश्व द्यावं, मग त्याचे तुकडे. या शनिवारी सूर्यमाला घेते."

"तू?" मी म्हणालो. "तू तुझे मणी आणि गुलाबी मनोरा बघ. विश्व माझ्याकडे सोड!"

मी बी.एस्सी. आहे. फिजिक्स घेऊन. पोटासाठी एका विमा कंपनीत जळालेल्या मालाचे दावे तपासतो, ही गोष्ट वेगळी.

"सोडते," कमळ म्हणाली. "फक्त एक लक्षात ठेवा. माँटेसरीत बाईंनी कमी बोलायचं असतं."

"मी बाई नाही," मी म्हणालो.

शनिवारी मी फरशीवर खडूनं कक्षा काढल्या. पतंगाच्या कागदाच्या रंगीत टोप्या केल्या. प्रत्येक मूल एक ग्रह! सूर्य व्हायला सगळेच तयार होते. मी शास्त्रीय निकष लावला आणि वस्तुमान पाहून घरमालकांच्या खंडूची निवड केली. शनी ज्याला केलं त्याची आजी नेमकी खिडकीत उभी होती. "माझ्या नातवाला साडेसाती लावता काय हो?" म्हणत ती आत आली आणि त्याला कक्षेतून उचलून घरी घेऊन गेली. जाताना पुठ्ठ्याचं कडंही घेऊन गेली. पृथ्वीला मी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती एकाच वेळी फिरायला सांगितलं. ती ओकली. प्लूटोला सर्वांत लांब म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं होतं. त्याला आत शेंगदाण्यांचा डबा सापडला, आणि शाळा सुटेपर्यंत आम्हाला प्लूटो सापडला नाही. मध्येच सूर्याला शू लागली. तो मोरीकडे निघाला, तर सगळे ग्रह त्याच्यामागे निघाले! गुरुत्वाकर्षण मुलांना समजल्याची ही पहिली खूण.

या सगळ्या गोंधळात एकच ग्रह आपली कक्षा सोडायला तयार नव्हता. सुलू परब. वय चार. डोक्यावर लाल टोपी, नजर समोर, तोंड गप्प, आणि पावलं बरोबर खडूवर. माझा ऊर भरून आला. मी टाळी वाजवून सर्वांसमोर ओरडलो, "शाबास! सुलूचा मंगळ एकदम कडक!"

आमच्या ऑफिसात चहा कडक असतो, इस्त्री कडक असते आणि चांगली दिसणारी टायपिस्टही कडक असते. मी त्या अर्थानं म्हणालो. हे मी पुढे अनेकांना सांगितलं.

सुलू राहायची समोरच्या चाळीत. आजोबा भिकाजी परब, मिलमधून निवृत्त. आजी रुक्मिणीबाई. शिवाय लग्नाची आत्या, शेवंती. शेवंतीचं घाटकोपरच्या सहदेवशी ठरत आलं होतं. दोन्हीकडची माणसं मालवणकडची, दोन्हीकडे पसंती, येत्या रविवारी साखरपुडा.

सुलू घरी गेली आणि आजीला म्हणाली, "आजी, माझा मंगळ कडक आहे. सर म्हणाले." आजीला कौतुक वाटलं. सरांनी केलेलं कौतुक नळावर सांगायचं नाही, तर कुठे सांगायचं? ती कळशी लावता लावता म्हणाली, "आमच्या चेडवाचो मंगळ कडक आसा, सरांनी सांगितल्यानी!"

आता मालवणीत नात ती चेडू आणि मुलगी तीही चेडू. मागे उभ्या होत्या कृष्णाबाई. त्यांनी चार वर्षांच्या चेडवाचा विचारच केला नाही. भरलेली बादली त्यांनी तिथंच ठेवली, पदर खोचला आणि सरळ घाटकोपर गाठलं. सहदेव त्यांच्या नणंदेचा मुलगा होता.

सोमवारी संध्याकाळी भिकाजी दारात. डोक्यावर टोपी, म्हणजे काम गंभीर.

"सर," ते म्हणाले. शनिवारपर्यंत मी त्यांच्या लेखी 'बाईंचे मिस्टर' होतो. "तुम्ही पत्रिका कधीपासून बघायला लागलात?"

"मी? कोणाची?"

"आमच्या शेवंतीची. सगळी चाळ सांगते, बाईंच्या घरी सरांनी ग्रह मांडले, फिरवून बघितले, आणि शेवंतीला कडक मंगळ निघाला! कृष्णाबाईंनी घाटकोपरला सांगितलं पण. आता तिकडून काय निरोप येणार ते दिसतंच आहे."

मी हसलो. ते हसले नाहीत, म्हणून मीही थांबलो.

त्यांच्यामागे शेवंती उभी होती. ती शिवणक्लास चालवायची आणि माप घेतल्यासारखी बोलायची. "सर, मला तो पसंत आहे," ती म्हणाली. "स्वतः बोलत नाही, पण दुसऱ्याचं ऐकून घेतो. असा परत कुठे मिळणार? माझं काय ते बघा."

"अगं, एवढंच ना!" मी म्हणालो. "उद्या मी स्वतः घाटकोपरला जातो. शास्त्रशुद्ध खुलासा करतो. त्या लोकांच्या मनात मंगळाचा अंशसुद्धा ठेवणार नाही!"

"अहो," कमळ म्हणाली, "गेल्यावर आधी ते काय म्हणतात ते ऐका."

"चूक माझ्या शब्दानं झाली, ती माझ्याच शब्दांनी निघेल," मी म्हणालो. वाक्य चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि भिकाजी सहदेवच्या घरी गेलो. वाटेत भिकाजींनी कपाळाला हात लावण्यापलीकडे संभाषण केलं नाही. दार उघडलं आणि सहदेवचे वडील तुळशीदास दोन्ही हात पसरून पुढे आले. "या, या, व्याही! तुमच्याच घरी निघालो होतो!" आतून लाडू आले, चिवडा आला, चहा आला. सहदेव कोपऱ्यात उभा राहून लाजत होता. मला वाटलं, काय सुसंस्कृत माणसं! एवढी वाईट बातमी कळूनसुद्धा लाडू देतात!

तुळशीदास म्हणाले, "कृष्णाबाईंनी सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरात..."

"कळतं मला!" मी त्यांना थांबवलं. "तुमच्या घरात काय वातावरण असेल ते कळतं. पण आधी माझं ऐका!"

मी बशीच्या मधोमध लाडू ठेवला. "हा सूर्य." चिवड्यातले शेंगदाणे काढून भोवती मांडले. "हा बुध, हा शुक्र, ही आपण, हा मंगळ." मंगळासाठी मिरचीचा तुकडा मिळाला, त्यामुळे रंगही जमला. मग कोट्यवधी मैल, शून्य अवकाश, थंडगार खडक. मग माँटेसरी, अख्खं विश्व, त्याचे तुकडे, टोप्या, सुलू, चेडू शब्दाचे दोन अर्थ. मी इतका सुंदर कधीच बोललो नव्हतो. दोन वेळा तुळशीदासांनी तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मी ते हातानं बंद करायला लावलं.

"थोडक्यात," तुळशीदास शेवटी हळू आवाजात म्हणाले, "मुलीला मंगळ नाही?"

"अजिबात नाही!"

"थोडासा? सौम्य?"

"नावालाही नाही! माझी पदवी पणाला लावतो!"

तुळशीदासांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं डोळ्यांना पदर लावला आणि लाडवांचं ताट आत नेलं. बशीत मी मांडलेला सूर्य तेवढा राहिला.

"आमच्या सहदेवाला आहे," तुळशीदास म्हणाले. "कडक. ही गोष्ट आम्ही तुमच्यापासून लपवली, भिकाजीशेठ, माफ करा. मंगळाची मुलगी शोधून शोधून चपला झिजल्या. शेवटी म्हटलं, जाऊ दे, न सांगता उरकू. पण हिला रात्रंदिवस घोर, की दुसऱ्याच्या मुलीचं काही वाईटवाकडं झालं तर? आणि कृष्णाबाई आली ना, म्हणाली, मुलीलाही कडक मंगळ! काय सांगू, सर, आम्ही चाळभर पेढे वाटले हो!"

"पण शास्त्रीयदृष्ट्या..." मी म्हणालो.

"तुम्ही मघाशी फार छान सांगितलंत," ते म्हणाले. "आता जाणूनबुजून पाप नको. मुलगी चांगली आहे. मंगळ असता तर!"

सहदेवनं माझ्याकडे बघितलं. तो खरोखरच दुसऱ्याचं ऐकून घेणारा होता, नाहीतर त्यानं मला तिथंच धरलं असतं.

रस्त्यावर आल्यावर भिकाजींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "पोरीला कधी नव्हे तो एक मंगळ मिळाला होता! तोही घालवलात!"

घरी कमळ आणि शेवंती वाट बघत होत्या. मी सगळं सांगितलं. बराच वेळ लागला, कारण वाक्यं आखूड येत होती. शेवंती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. गळ्यातला टेप नीट घडी करून तिनं पिशवीत ठेवला.

"परत आणा," ती म्हणाली.

"काय?"

"मंगळ."

"शेवंती, अगं मी विज्ञानाचा माणूस, मी कुठून..."

"नव्हता तेव्हा आणलात ना? मग आता आणायला काय होतंय?"

मी मदतीसाठी कमळकडे बघितलं. ती मुलांचे मणी रंगाप्रमाणे लावत होती. "खेळून झालेली वस्तू ज्यानं काढली त्यानं जागेवर ठेवायची," ती म्हणाली. "पद्धतच आहे."

अशा रीतीनं मी, बी.एस्सी., रुक्मिणीबाईंना बरोबर घेऊन बाजारामागच्या नाना ज्योतिषांकडे गेलो. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. समोर पंचांग, पंचांगावर चष्मा, आणि चष्म्यावर मांजर. शेवंतीची पत्रिका कधी केलीच नव्हती. तिचा जन्म गावचा.

"जन्मवेळ?" नानांनी मांजर उचलत विचारलं.

"म्हशी घराक इल्यो तेव्हा," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"म्हशी घरी कधी यायच्या?"

"आमच्यो? त्यो मनाक येयत तेव्हा येयत."

"दिवस मावळला होता?"

"मी काय तेव्हा आभाळ बघीत होतंय?" रुक्मिणीबाई भडकल्या. "बाळंतीण होतंय मी!"

मी खचलो. वेळ नाही, म्हणजे पत्रिका नाही. पत्रिका नाही, म्हणजे मंगळ नाही. पण नानांचा चेहरा उजळला होता.

"उत्तम!" ते म्हणाले.

"यात उत्तम काय?"

"वेळ पक्की असली की माझे हात बांधले जातात. सांगा. मंगळ हवा की नको?"

"हवा," मी म्हणालो. भिंतीकडे बघून म्हणालो.

"सातव्या घरात ठेवू की आठव्या?"

कॉलेजात आमचे प्रोफेसर सांगायचे, पुराव्याशिवाय कोणतंही विधान करू नका. मी म्हणालो, "सातव्या."

"कडक की सौम्य?"

"कडक!" रुक्मिणीबाई माझ्याआधी ओरडल्या. "एकदम कडक! सरांनी आधीच सांगितल्यानी!"

पत्रिका घाटकोपरला गेली. बरोबर मीही गेलो, कारण माझी पदवी पणाला लावलेली होती आणि ती सोडवून आणायची होती. तुळशीदासांनी विचारलं, "सर, परवा तर तुम्ही म्हणालात, नावालाही नाही?" मी 'हो' म्हणालो, आणि त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदा पुढे काहीच बोललो नाही. त्यांनी पत्रिका त्यांच्या ज्योतिषांना दाखवली. ते म्हणाले, असा स्वच्छ मंगळ हल्ली बघायला मिळत नाही. आतून लाडवांचं ताट परत बाहेर आलं. सहदेव बोलला. "चहा घ्या," म्हणाला.

मुहूर्ताला मात्र फार दिवस लागले. नाना एक तिथी काढत, घाटकोपरचे ज्योतिषी ती खोडत. त्यांनी काढलेली नाना खोडत. कधी गुरूचा अस्त आड येई, कधी शुक्राचा. दोघांनी मिळून आकाशातला एकही ग्रह आड आणायचा ठेवला नाही. शेवटी शेवंती स्वतः हॉलवर गेली आणि तारीख घेऊन आली. ती दोन्ही ज्योतिषांना मान्य झाली.

लग्न मंगळवारी लागलं. हॉलचं रंगकाम चालू होतं आणि रंगाऱ्याची सुट्टी मंगळवारी असायची.