दाणा बघणाऱ्या मुलाणी मॅडम

आमच्या मुलाणी मॅडम पेढा सरळ तोंडात टाकत नाहीत. आधी मोडतात, मोडलेली बाजू उजेडाला धरतात, एक डोळा मिटतात आणि निकाल देतात. माझ्या मुलाच्या साखरपुड्यात देवळालीच्या व्याह्यांनी घरच्या म्हशींच्या दुधाचे पेढे कौतुकानं पुढं केले, तर बाई भर मांडवात म्हणाल्या, "आच जास्त लागली. दाणा वाढलाय." सोयरीक टिकली ती व्याह्यांच्या पुण्याईनं.

त्यांचा तरी काय दोष? धंदाच तसला. नगरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात टायटॅनियमचे पाइप वेल्डिंग करून जोडतात आणि मॅडम लॅब सांभाळतात. नमुन्याचा जोड कापायचा, आरशासारखा घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धातूचा दाणा बघायचा. मग हिऱ्याचं टोक दाबून खळी पाडायची. खळी लहान, म्हणजे धातू कडक. मी पडलो प्रॉडक्शनचा माणूस. मला माल गाडीत चढवायची घाई, त्यांना दाण्याची. आमचा छत्तीसचा आकडा.

एवढी शिकलेली बाई, पण बोलणं अजून शेवगावचं. टायटॅनियम लई मानी, असं त्या सांगतात. ऊब जास्त झाली की दाणा फुगतो. तापलेलं असताना वारा लागला की हवा पिऊन कडक होतं. कडक झालं तर बरंच की, असं मी एकदा बोलून बसलो. "कडक म्हंजे मजबूत न्हाई वो," त्या म्हणाल्या. "कडक ते तडकतं."

म्हणून जोडावर आरगॉन वायूचं पांघरूण घालतात. जोड चांदीसारखा आला तर पास, निळा पडला तर गेला. वारा आला की पांघरूण उडतं, म्हणून वेल्डिंगच्या खोलीत भर मे महिन्यातही पंखा नाही. आमचे मोठे साहेब तिथं फायलीनं वारा घ्यायला लागले, तर बाईंनी फाईल हातातून काढून घेतली. माझी छाती नव्हती हो तेवढी.

त्या खोलीत नवनाथ काम करतो, आमचा टायटॅनियमचा एकुलता एक वेल्डर. मॅडम दिवसभर त्याच्या मागं. हातमोजे धुतले का, पाइप पुसला का, मान वर का केली. तो बिचारा "व्हय मॅडम" म्हणत राहतो.

यंदा मे महिन्यात नव्या गिऱ्हाइकाचा तपासनीस आला. नवनाथची परीक्षा होती. पास झाला तर हे काम त्याच्याकडं राहणार, नाहीतर पुन्हा लोखंडी गेट आणि ग्रिल. त्यानं जोड मारला आणि तो निळा पडला. मॅडमनी कापून बघितला तर खळी बारीक, धातू नको तितका कडक. हात गेला याचा, असं तपासनीस सरळ सगळ्यांसमोर म्हणाला. नवनाथनं मान खाली घातली.

"हात न्हाई गेला," मॅडम म्हणाल्या. "पंखा मी लावला हुता."

मला वाटलं, माझ्याच कानांत बिघाड झाला. आदल्या दिवशी उकाड्यानं नवनाथला भोवळ आली होती. म्हणून बाईंनी लॅबमधला टेबलफॅन गुपचूप त्याच्या पायांकडं, दाराआड ठेवला होता. वारा वर जोडापर्यंत चढणार नाही, असा त्यांचा हिशेब. कामाच्या तंद्रीत नवनाथलाही पत्ता लागला नव्हता.

तुम्हाला कळत कसं नाही, असं तपासनीसानं विचारलं. "कळतं की," त्या म्हणाल्या. "पन त्याची भिजलेली पाठ बघितली आन् सुदरलं न्हाई."

दोष हाताचा नाही म्हटल्यावर दुसरी संधी मिळाली. दुसऱ्या दिवशी दार बंद झालं आणि बाई स्टूल घेऊन त्या भट्टीत नवनाथच्या मागं जाऊन बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. जोड चांदीसारखा आला. बाहेर आल्या तेव्हा पदर ओलाचिंब, चेहरा लालबुंद. मला खरंच भरून आलं, पण माझं तोंड वाकडं ते वाकडंच. लॅबमधला एसी सोडून आत भाजून घ्यायला कुणी सांगितलं होतं, असं मी खेकसलो.

"त्याला वारा देता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "मग निदान सोबत तरी."