पडद्यावर आभाळ मावेना

"अहो, ह्यात आभाळ कुठंय?" बायकोने विचारलं.

"आहे की. आकड्यांच्या मागे," चष्मेवाले म्हणाले आणि पडद्यावर बोटाने आणखी एक चौकट सरकवून बसवली.

हा पडदा म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या चालकाचे डोळे. विमानाच्या नाकात कॅमेरा, त्याचं चित्र रिमोटवरच्या पडद्यावर, आणि त्या चित्रावर काय काय दाखवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं: उंची, वेग, बॅटरी, वारा, दिशा. शहाणा माणूस तीन-चार चौकटी लावून थांबतो. पण चष्मेवाल्यांचा सगळा जन्म चष्म्यांच्या दुकानाच्या काचेत फ्रेमा मांडण्यात गेलेला. रिकामी जागा दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे.

पण त्यांना दोष तरी कसा द्यायचा? हे विमान थोरल्या भावाने बनवलेलं शेवटचं. दादा गेले आणि ते वहिनींच्या गच्चीवरच्या खोलीत कापडाखाली पडून राहिलं. "पडून पडून खराब होईल हो वहिनी, एकदा उडवतो," असा लकडा चष्मेवाल्यांनी वर्षभर लावला, तेव्हा कुठे वहिनी म्हणाल्या, "न्या. पण भावोजी, जसं नेताय तसं परत आणा. त्यांच्या हातचं माझ्याकडे आता एवढंच उरलंय." मैदानावर यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

त्या एका वाक्याने चष्मेवाल्यांची झोप उडाली. म्हणून तर एवढ्या चौकटी! वहिनींच्याच गच्चीवर बसून त्यांनी सगळा पडदा मांडला. विमान संकटात सापडलं तर त्याने आपलं आपण जिथे यायचं, ती परतीची जागाही तिथेच नोंदवून टाकली, आणि ती चुकून पुसली जाऊ नये म्हणून तिला कुलूप घातलं. सावधपणात कसूर नको.

मैदानावर विमान झकास वर गेलं. आता पडदा वाचायला जवळचा चष्मा आणि आभाळ बघायला लांबचा. "एकाच काचेत दोन्ही घ्या, सुखी व्हाल," असं गिऱ्हाइकांना रोज सांगणारे हे गृहस्थ स्वतः गळ्यात दोन चष्मे अडकवून उभे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! एक काढून दुसरा घालेपर्यंत विमानाचा ठिपका झाला होता. त्यातच पडद्याच्या मधोमध एक नवीच चौकट उघडली: 'ही मांडणी जतन करायची का?'

"आत्ता? आत्ता विचारतोस मेल्या?"

"कुणाशी बोलताय?"

"गप्प बस गं! परत बोलावतो त्याला." आणि त्यांनी कळ दाबली.

विमान आज्ञाधारकपणे वळलं, दोघांच्या डोक्यावरून गेलं, आणि गेलं ते गेलंच.

"अहो, ते चाललंय!"

"छे! येतंय. हे बघ, परतीचं अंतर कमी होतंय."

"मी आभाळात बघतेय!"

"आणि मी यंत्रात बघतोय. यंत्र खोटं बोलत नाही."

यंत्र खरोखरच खोटं बोलत नव्हतं. परतीची जागा गावाच्या त्या टोकाला, वहिनींच्या गच्चीवर, कुलूपबंद होती. हे ध्यानात आलं तसं चष्मेवाले पडद्यावर दिसेल तिथे बोट दाबत सुटले. हुकूम रद्द करायचं बटण कुठल्या चौकटीखाली दडलंय, ते सापडेना.

गाडी बायकोने हाणली. चष्मेवाले मांडीवर रिमोट घेऊन एकेक चौकट काढत सुटले. वारा काढला, वेग काढला, दिशा काढली. हळूहळू खालचं चित्र मोकळं झालं. पाण्याच्या टाक्या दिसल्या, एक गच्ची दिसली, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी दिसल्या, आणि मान वर करून उभ्या असलेल्या वहिनी. विमान त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत होतं.

"त्यांच्या डोळ्यांदेखत पडणार गं," चष्मेवाले पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "काय तोंड दाखवू मी?"

जिना चढून ते धापा टाकत गच्चीवर पोचले, तर वहिनींचा हात आधीच पुढे झालेला.

"द्या इकडे."

"वहिनी, अहो हे फार नाजूक..."

"भावोजी, बॅटरी संपत आलीये. द्या."

रिमोट हातात येताच त्यांनी न शोधता एक बटण दाबलं, पडदा मिटला आणि नजर वर लावली. विमान शांतपणे खाली आलं, कठड्यावरून आत शिरलं, ओल्या चादरीत घुसलं आणि तिच्यावरून अलगद घसरत जमिनीवर टेकलं. एक ओरखडा नाही.

"तुम्हाला... येतं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"मग कोणाला यायचं? ह्यांना? विमान उंच गेलं की ह्यांचे हात लटलट कापायचे. ते बनवायचे, मी उडवायची."

"पण आम्ही सगळे तर दादाच उडवतात असं..."

"तुमच्यात मिरवायला आवडायचं हो त्यांना. मिरवू दिलं."

"मग वर्षभर का नाही उडवलंत?" बायकोने विचारलं. "आज मैदानावर का नाही आलात, जाऊबाई?"

वहिनी विमानाच्या पंखावरचं पाणी हाताने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेजारी उभं राहून 'वाऽ, काय वळलंय' म्हणायला कोण होतं?"

मग चष्मेवाल्यांनी खिशातून दुसरी बॅटरी काढून मुकाट्याने पुढे केली. बायकोने विमान दोन्ही हातांनी डोक्यावर धरून जोरात सोडलं, आणि ते घरांच्या वर चढत गेलं. चष्मेवाले वहिनींच्या शेजारी जाऊन उभे राहिले. गडबडीत डोळ्यांवर जवळचाच चष्मा राहिला होता. वर नुसता धुरकट उजेड दिसत होता.

"वाऽ!" ते जोरात ओरडले. "काय वळलंय!"

"अजून वळवलं नाही, भावोजी," वहिनी म्हणाल्या, आणि मग वळवलं.