मास्तरांच्या मशीनवर ऑपरेशन

गडचिरोलीहून मेकॅनिक बोलवायचा नाही, असं कय्यूमभाईंनी चहाचा पहिला घोट घेतानाच ठरवलं. धानोऱ्यात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. तीस वर्षं पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटरींत तार भरल्यामुळे, ज्याला वायर आहे ते सगळं आपल्याला कळतं, अशी त्यांची नम्र समजूत होती. (गावाची समजूत वेगळी होती, पण गाव बोलत नसे, पंखे दुसरीकडे नेत असे.)

बिघडला होता तो बायकोचा, तबस्सुमचा कॉम्प्युटर. ती घरी लग्नपत्रिका तयार करायची. सकाळी लाइट गेली, आली, आणि सिस्टीमची फाइल खराब झाल्याचा इंग्रजी निरोप पडद्यावर येऊन बसला. आत अडकली सुगंधाबाईंच्या मुलीची पत्रिका, आणि बाहेर ओसरीवर सुगंधाबाई. त्यांना दुपारच्या गाडीनं पत्रिका न्यायची होती.

"रजिस्ट्री गेली," कय्यूमभाई म्हणाले. हा शब्द त्यांनी एका मासिकात वाचला होता.

सुगंधाबाई दचकल्या. "आमच्या वावराची जी?"

"वावराची नाई बाई. कॉम्प्युटरचा सातबारा समजा. कोणतं सामान कुठी हाये, सारं त्यात लिवलं राह्यते. खोड झाली का मशीन सोतालेच ओळखत नाई."

"मंग तलाठ्याले बोलवा ना!"

"तलाठी मीच," कय्यूमभाई म्हणाले.

तबस्सुमनं फोनकडे हात नेला. "सुनो, मी मेकॅनिकले बोलावते."

"काऊन? आजारी मशीनची रजिस्ट्री दुसऱ्या मशीनवरून सुधारता येते. मासिकात हाये!"

त्यांनी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि नवजात बाळासारखी छातीशी धरून प्रफुल मास्तरांचं घर गाठलं. मास्तरांचा कॉम्प्युटर महिन्याभराचा. पडद्यावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

"माह्या मशीनले काही होणार तं नाई ना, कय्यूमभाई?"

"मास्तर, पाहुणी डिस्क हाये. येते, इलाज घेते, जाते."

डिस्क जोडली. पडद्यावर दोन रजिस्ट्र्या उघडल्या, एक मास्तरांची, एक तबस्सुमची. दोघी जुळ्या बहिणींसारख्या. पण जुळ्यांतली कोणती कोण हे विचारणं कय्यूमभाईंच्या शानेत बसत नव्हतं. मांडीवर मासिक उघडून त्यांनी एक ओळ पुसली. मग आणखी दोन.

"हे काय पुसून राह्यले?"

"खराबी."

मास्तरांचं मशीन बंद करून चालू केलं. पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. रुग्ण टेबलावर तसाच पडून होता. ऑपरेशन झालं होतं डॉक्टरवर.

"व्होल्टेज!" कय्यूमभाई तत्काळ म्हणाले. "मास्तर, तुमच्या घरचं व्होल्टेज लय खराब हाये." (धानोऱ्यात व्होल्टेजवर काहीही ढकललेलं चालतं, ते उलट उत्तर देत नाही.)

मास्तर प्लास्टिकवरून हात फिरवत राहिले. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून कय्यूमभाई डिस्क घेऊन घरी परतले. ओसरी रिकामी होती.

"पत्रिका मी हातानं लिवून देली," तबस्सुम म्हणाली. "बाई झेरॉक्स काढतीन. तुमच्या भरवशावर राह्यल्या असत्या तं पत्रिकेच्या आधी बारशाची जेवणं झाली असती." मेकॅनिकलाही तिनं फोन केला होता.

दुसऱ्या दिवशी बिरजू मेकॅनिक आला. तबस्सुमचं मशीन त्यानं पंधरा मिनिटांत उभं केलं. मग मास्तरांची डिस्क आणवून त्याच मशीनला जोडली. डिस्कमागोमाग आलेले मास्तर पडद्याला नाक लावून उभे, आणि कय्यूमभाई न विचारता व्होल्टेजचा इतिहास सांगत होते.

"व्होल्टेजच होतं ना?" बिरजूनं विचारलं.

"शंभर टक्के."

"लय शिकलेलं व्होल्टेज हाये, भाऊ. मास्तरच्या रजिस्ट्रीतलं पुसायच्या आधी त्यानं नक्कल काढून ठेवली. आन् फाइलले नाव देलं, कय्यूम."

मास्तर हळूच वळले. कय्यूमभाईंनी छातीवर हात ठेवला. "गावात का एकच कय्यूम हाये? कोणीबी असन!"

तबस्सुमनं चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं.

"स्पेलिंग नेहमीसारखंच चुकलं हाये," ती म्हणाली. "आमचेच."