दौऱ्यावरचे व्याही

हिराजीभाऊ म्हात्र्यांनी मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी करवली केलं. लग्न कुणाचं म्हणाल, तर कुणाचंच नाही. आचोळ्याच्या एका सोसायटीत सत्यनारायणाच्या पूजेला त्यांचं गाणं होतं आणि मी ते ऐकायला तिसऱ्यांदा गेले होते. दोन गाण्यांच्या मध्ये त्यांनी माईक तोंडाशी धरून जाहीर केलं, "ह्या आमच्या समोरच्या ताई. आजपासून ह्या करवली. यांना पयला चहा द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे गुडघे दुखतात, मला चष्मे दोन लागतात आणि माझ्या लग्नात जी चुलत बहीण करवली होती ती आता आजी झाली आहे. पण हिराजीभाऊंपुढे बोलायची सोय नसते. मी मुकाट्याने पहिला चहा घेतला.

गोखिवऱ्यात आमची दारं समोरासमोर आहेत. हिराजीभाऊ मूळचे नायगावच्या खाडीकडचे, वडील मिठागरात कामाला. ते स्वतः इथल्याच एका छोट्या कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर माणसं योगासनं करतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून बाकीच्यांना योगासनं करायला लावतात. हिराजीभाऊंनी दौरे काढले. ते गातात आणि त्यांचे व्याही आंतोनभाऊ गिटार वाजवतात. जोडीचं नावच 'दोन व्याही'. आंतोनभाऊंची वसईच्या पश्चिमेला केळीची बाग आहे, शेजारी बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं आहे, त्याच पाण्यावर बाग पोसलेली. घरी ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलतात आणि आमच्याशी शाळेच्या पुस्तकातलं मराठी, तेही अगदी काटकसरीने. बहुतेक वेळा "चालेल" एवढ्यावर त्यांचं भागतं.

आंतोनभाऊ ज्याला कंट्री म्युझिक म्हणतात त्याचा आणि गुत्त्याचा काही संबंध नाही, हे मला आमच्या घरी दोनदा समजावून सांगावं लागलं. परदेशातल्या खेड्यापाड्यांतली गाणी ती. आंतोनभाऊंचे एक काका बोटीवर होते, त्यांनी ही गिटार आणली आणि गाण्यांच्या तबकड्याही आणल्या. त्या गाण्यांत म्हणे घोडे असतात, लांबलचक रस्ते असतात आणि वाट बघणारी आई असते. त्या धर्तीवर आंतोनभाऊ चाल बांधतात, हिराजीभाऊ शब्द घालतात. आता नायगावच्या खाडीत घोडा कुठून आणणार? म्हणून घोड्याच्या जागी म्हैस आली आणि रस्त्याच्या जागी मिठागराचा बांध. आईत मात्र काही बदल करावा लागला नाही.

"मिठागर गेला, टावर आला, मीठ इकत आनतो रं,
बापानं ज्याचे ढीग लावले, ते पुडीतनं आनतो रं."

हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. हिराजीभाऊंचा आवाज खाडीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा आहे. श्रोते समोरच्याच खुर्चीत बसलेत याची ते दखल घेत नाहीत. पहिल्यांदा हे गाणं भिंतीपलीकडून ऐकलं तेव्हा मी तक्रार करायलाच गेले होते. वहिनींनी, म्हणजे हिराजीभाऊंच्या बायकोने, दार उघडून मला आत घेतलं आणि म्हणाल्या, "बसा. दोघींनी मिळून सहन करू." तक्रार राहिली आणि गाणं अंगवळणी पडलं. पुढे तर ते ऐकलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं, हे मी आमच्या घरी अजून कबूल केलेलं नाही.

कार्यक्रमाला कार्यक्रम म्हटलेलं हिराजीभाऊंना खपत नाही. तो दौरा. आंतोनभाऊंचा टेम्पो सकाळी केळी आणि फुलं घेऊन बाजारात जातो आणि संध्याकाळी तोच टेम्पो झाडून त्यात स्पीकर, गिटार आणि दोन घडीच्या खुर्च्या चढतात. पुढच्या सीटवर गळ्यात मफलर गुंडाळून हिराजीभाऊ बसतात, वैशाखातसुद्धा. "कुठे निघालात?" विचारलं तर "दौऱ्यावर" हे उत्तर, मग जायचं असो विरारला नाहीतर मागच्या गल्लीत. "मंत्रीच लागून गेलेत," हे वहिनी आतून म्हणतात.

आणि या दौऱ्यावर ऐकणाऱ्यांची भरती होते. तिसऱ्यांदा आलेला माणूस श्रोता राहत नाही, तो वऱ्हाडी होतो आणि त्याला नातं मिळतं. जिममध्ये शिकवणारा एक दंडवाला पोरगा नवऱ्याचा मामा आहे. नायगावच्या टॉवरमधली कॉम्प्युटरवाली मुलगी आत्या आहे, वय असेल पंचवीस. एक रिटायर्ड हेडमास्तर पहिल्या रांगेत तोंड पाडून बसत, त्यांना 'रुसलेले काका' हे पद मिळालं आणि त्या दिवसापासून ते हसू लागले. फोनवरच्या ग्रुपचं नावही वऱ्हाडच. कुणाच्या आईला रक्त लागलं की ग्रुपवर निरोप पडतो आणि नवऱ्याचा मामा जिममधली पोरं घेऊन दवाखान्यात हजर होतो. या इमारतींत वर्षानुवर्षं शेजारी राहून एकमेकांची आडनावं माहीत नसलेली माणसं आता एकमेकांच्या घरी लोणचं पोचवतात. हे हिराजीभाऊंनी केलं, एवढं मी आवाजाबद्दलच्या सगळ्या तक्रारी बाजूला ठेवून सांगेन.

फक्त त्यांचा मानपान सांभाळावा लागतो. मानधन द्या न द्या, वऱ्हाडाला खायला-प्यायला मिळालं पाहिजे, नाहीतर हिराजीभाऊ मुलाकडच्या मंडळींसारखे फुगून बसतात. एकदा नायगावच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये गेटवरच्या सिक्युरिटीने आम्हा सगळ्यांना अडवलं. कुठल्या फ्लॅटला जायचंय ते फोनवर टाका म्हणाला.

"लग्नाला आलोय," हिराजीभाऊ म्हणाले.

"किसकी शादी?"

"झाली शादी. आमी उशिरा आलो."

तो बिचारा गोंधळून आमच्याकडे बघत राहिला. मी हसले, पण शेजारी उभ्या आंतोनभाऊंचा चेहरा तसाच गंभीर होता. त्याचं कारण मला टेम्पोत परत येताना कळलं. हिराजीभाऊंच्या निखिलने आंतोनभाऊंच्या ग्रेसीशी लग्न केलं ते कोर्टात. धर्म दोन, त्यामुळे दोन्ही घरांनी जेवढं रुसायचं तेवढं रुसून घेतलं. कुणी यायचं नाही असं ठरलं. दोघांचे बाप मात्र आपापल्या घरी थापा मारून गुपचूप गेले आणि ओळख नसताना कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर एकाच बाकड्यावर बसले. आंतोनभाऊ काळजीने गुणगुणत होते. हिराजीभाऊंनी काळजीनेच त्यात सूर मिसळला. पोरं हार घालून बाहेर आली तेव्हा कुठे दोघांना कळलं की शेजारी बसलाय तो आपला व्याही.

"मांडव नाय, वऱ्हाड नाय," हिराजीभाऊ मला म्हणाले. "दोन सह्या आनि एक पेढा. पोरांच्या लग्नाला मानसं नको का, ताई?"

मग रुसवे निघाले आणि चार-पाच वर्षं बरी गेली. ग्रेसी वहिनींची लाडकी होती. सणावाराला आंतोनभाऊ केळफूल घेऊन यायचे, दारं उघडी टाकून गाणी व्हायची. आणि गेल्या वर्षी निखिल-ग्रेसीचं मोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दोघांचं जमेना, एवढंच. तो पुण्याला गेला, ती माहेरी गेली, कागद झाले.

"आता कसले व्याही?" वहिनी रडून झाल्यावर म्हणाल्या. "बंद करा ते गाणं. लोक हसतील."

"पोरांनी मोडलं ते पोरांचं," हिराजीभाऊ म्हणाले. "आमी दोघांनी कुठं कागदावर सही केलीय?"

पण त्यानंतर त्यांनी दौऱ्यांचा नुसता धडाका लावला. हळद म्हणू नका, बारसं म्हणू नका, दुकानाचं उद्घाटन म्हणू नका. एका टॉवरमध्ये कुत्र्याच्या वाढदिवसाला त्यांनी म्हशीचं गाणं म्हटलं. वऱ्हाड दमून गेलं. रुसलेले काका पुन्हा रुसायच्या बेतात आले. मीही चिडलेच होते, आणि त्यात एका संध्याकाळी मी कुलूप उघडत असताना हिराजीभाऊ समोर उभे.

"ताई, तुमच्या हापिसात काय फंक्शन नाय का?"

"आमच्याकडे फक्त माणसं रिटायर होतात, भाऊ."

"मग कोन होतंय?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. पायातल्या चपलेकडे बघत म्हणाले, "कायपन चालंल. आदी तो पोरीला भेटायला यायचा. आता कार्यक्रम नसंल तर आंतोन काय सांगून येईल इकडं?"

मला इतकं वाईट वाटलं की किल्ली तशीच कुलपात राहिली. या वयात नवा मित्र मिळणं कठीण, आणि मिळालेला ठेवून घ्यायला काहीतरी निमित्त लागतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांचा निरोप समारंभ आम्ही साध्या चहावर उरकणार होतो. तिथे 'दोन व्याही' गायले. गृहस्थ रडले.

पावसाळा संपता संपता बातमी आली की ग्रेसीचं लग्न ठरलं. मुलगा त्यांच्याच गावाकडचा, लग्न चर्चमध्ये. वहिनी म्हणाल्या, "सुखी होऊ दे पोर," आणि आत गेल्या. हिराजीभाऊ माझ्याकडे आले.

"नवा व्याही कसा हाय, काय कळंल?"

वऱ्हाडाला काय अशक्य आहे? आत्याने दोन दिवसांत माहिती काढली. मुलाचे वडील बँकेतून निवृत्त, स्वभावाने शांत, चर्चच्या गायकवृंदात व्हायोलिन वाजवतात. मी हे सांगितलं आणि हिराजीभाऊ आमच्या जिन्याच्या पायरीवर खाली बसले.

"व्हायलिन," ते म्हणाले. मग विचारलं, "बरा वाजवतो?"

"बरा म्हणतात."

"व्हायलिनला गिटार लागतेच."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा घसा बसला. डॉक्टरला काही दिसेना, पण हिराजीभाऊ ज्येष्ठमध चघळत खिडकीत बसून राहिले. ठरलेले दौरे रद्द झाले. आंतोनभाऊंचा फोन आला की वहिनींना घ्यायला लावत. ग्रुपवर रोज कुणीतरी "कार्यक्रम कधी?" विचारी आणि त्याला उत्तर नसे. टेम्पो यायचा थांबला. इतकी शांतता मला एकेकाळी हवी होती, आणि आता ती घरात सोसवत नव्हती.

शेवटी एका रविवारी मिस्सा आटोपून आंतोनभाऊ स्वतःच जिना चढून आले, चर्चच्या कपड्यांत, हातात पत्रिका. मी वहिनींकडे खोबरं मागायला गेले होते, ती तिथेच थबकले.

"व्याही, पत्रिका द्यायला आलो," ते म्हणाले.

हिराजीभाऊंनी पत्रिका वाचली. उलटवून कोरी बाजूही वाचली. "मी येऊन काय करू? कोन म्हनून येऊ? लोक इचारतील."

आंतोनभाऊंनी ती पत्रिका पुन्हा सुलट करून ठेवली. "तिच्या लग्नात मला वाजवायचं आहे," ते म्हणाले. "तुम्ही नसाल तर मी कसं वाजवू?"

"नवा व्याही हाय की. व्हायलिनवाला."

"ते कागद समोर ठेवून वाजवतात," आंतोनभाऊ म्हणाले. "पान उलटेपर्यंत आपण थांबायचं."

वहिनींना हसू फुटलं आणि त्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या. हिराजीभाऊंचा चेहरा कितीतरी दिवसांनी जागेवर आला. आंतोनभाऊ उठले. "सकाळी टेम्पो आणतो. वऱ्हाडाला पण सांगा." एवढं सलग बोललेले मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

वहिनी लग्नाला आल्या नाहीत, तेवढं त्यांना जमलं नाही. पण हिराजीभाऊंचा पांढरा शर्ट अशा कडक इस्त्रीचा होता की टेम्पोत ते टेकून बसायला तयार नव्हते. चर्चमधला विधी आम्ही मागच्या बाकांवर बसून पाहिला. व्हायोलिन वाजलं तेव्हा हिराजीभाऊ डोळे मिटून परीक्षकासारखे ऐकत होते. "सुरात हाय," त्यांनी मला कबुली दिली. संध्याकाळी हॉलमध्ये दोन व्याही गायले, मिठागराचंच गाणं, आणि नवे व्याही व्हायोलिन खाली ठेवून ताल धरत बसले. गाणं झाल्यावर ग्रेसी पांढऱ्या गाऊनचा घोळ सावरत स्टेजवरून खाली आली. हिराजीभाऊंच्या शर्टाच्या कॉलरला हात लावून म्हणाली, "बाबा, ही आईंची इस्त्री ना?" ते नुसते मान हलवत राहिले.

नंतर आम्ही ताटल्या घेऊन उभे होतो. मुलाकडच्या एक वयस्क बाई, ठेवणीतल्या साडीतल्या, हिराजीभाऊंजवळ आल्या. "छान गायलात हो," त्या म्हणाल्या. मग सगळ्या लग्नांत सगळे विचारतात ते त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?"

ज्या प्रश्नाला भिऊन हा माणूस महिनाभर खिडकीत बसला होता, तो आलाच होता. हिराजीभाऊंनी एकदा स्टेजकडे पाहिलं. ग्रेसी नवऱ्याशी काहीतरी बोलत हसत होती आणि एका बाजूला आंतोनभाऊ गिटारची तार पिळत होते.

"मी पोरीकडचा," हिराजीभाऊ म्हणाले. आणि लगेच किंचित वाकून, हात जोडून त्या बाईंना विचारलं, "तुमची मंडळी जेवली का सगळी? काय कमीजास्त असंल तर मला सांगा."

मग स्वतःची भरलेली ताटली माझ्या हातात देऊन ते मुलाकडच्या पंगतीला पाणी वाढायला गेले.