नालायक बापाचा शोध

मुलांना एकत्र कसं आणायचं, हे मला कोणी शिकवू नये! बावीस वर्षं मी गणित शिकवतोय. ज्या माणसाने तीन पिढ्यांच्या घशाखाली अपूर्णांक उतरवले, त्याला दोन दिवसांचा कॅम्प म्हणजे काय! जानेवारीत हायस्कूल सुरू होण्याआधी नव्या आठवीला आम्ही डोंगरापायथ्याच्या तळ्यावर नेतो. साठ पोरं, गावोगावच्या शाळांतून आलेली, कोणी कोणाला ओळखत नाही. दरवर्षी तेच खेळ: डोळे मिटून मागे पडा, दुसरा झेलेल. मागच्या वर्षी दुसऱ्याने झेललं नाही. यंदा मी जाहीर केलं, "खेळ आपले, आपल्या मातीतले!"

खरं सांगू? मला साठ पोरांची काळजी नव्हती, एकीचीच होती. थोबेकाची. माझी मुलगी. जूनमध्ये तिची आई गेली. तेव्हापासून आमच्या घरात मी, ती आणि टीव्ही, आणि त्यातला बोलतो तो टीव्हीच. तिच्या जुन्या मैत्रिणी दुसऱ्या शाळांत पांगल्या. तिला एक, फक्त एक मैत्रीण मिळावी, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं.

बसमध्ये चढण्याआधी तिने मला बाजूला घेतलं.

"बाबा, तिथे मी तुमची कोणी नाही. मास्तरची पोरगी म्हटलं की सगळे चार हात लांब राहतात."

"कबूल!"

"शपथ?"

"शपथ!"

माझा खेळ अगदी सोपा होता. गोल बसायचं, आपलं नाव सांगायचं आणि मग कुळनाव, म्हणजे आडनावामागचं मूळ पूर्वजाचं नाव. आमच्याकडे माणसाला मान द्यायचा तर कुळनावानेच हाक मारतात, आभारही तसेच मानतात. दिवसभर एकमेकांना त्याच नावाने बोलवायचं, चुकेल तो भांडी घासेल! सुरुवात मीच केली. "हाडेबे सर. भुंगाने!"

"भुंगाने!" साठ पोरं ओरडली. मी खूश!

सातव्या पोराचं सांगून झालं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. कुळनाव येतं बापाकडून! थोबेकाही 'भुंगाने'च म्हणणार. तसे भुंगाने गावात पैशाला पासरी आहेत, पण माझं नाक फक्त दोघांना आहे, मला आणि तिला. मी शिट्टी शोधू लागलो. खिसे झाले, पिशवी झाली. शिट्टी गळ्यात होती, आणि तोवर पाळी थोबेकापर्यंत येऊन ठेपली होती.

"बास! पुढचा खेळ!" मी ओरडलो.

"सर, माझं राहिलंय," थोबेका म्हणाली आणि उभी राहिली. "थोबेका. न्दोसी."

न्दोसी! माझ्या बायकोचं कुळनाव. पंधरा वर्षं मी तिला त्याच नावाने हाक मारली आणि ती गेल्यापासून एकदाही ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

"न्दोसी? म्हणजे तुझं आडनाव सेले?" शेजारच्या स्नोथिलेने विचारलं. ही पोर गोल चेहऱ्याची आणि भलतीच चौकस.

"नाही. ते आईचं कुळ आहे."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आईचं कुळनाव कोण लावतं? ज्याला बापाने आपलं म्हटलं नाही, तो! चहाची किटली घेऊन आलेल्या माखोझा, म्हणजे कॅम्पच्या स्वयंपाकीणबाई, किटली ठेवून ॲप्रनने डोळे पुसायलाच लागल्या. "अगं बाई, लेकराला बापाने टाकलं गं!"

नव्या उपमुख्याध्यापिका पडियाची मॅडम भारतीय वंशाच्या, त्यांना काही कळेना. "काय झालं, मिस्टर हाडेबे?"

आणि मला, माझ्याच तोंडाने, सगळं समजावून सांगावं लागलं.

"कसला नालायक माणूस!" मॅडम कडाडल्या.

"अगदी नालायक," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जेवताना माखोझांनी थोबेकाच्या पानात कोंबडीच्या दोन तंगड्या टाकल्या. मला मान आली. स्नोथिले तिच्या अंगाला चिकटून बसली होती. "मलाही बाप नाही. दुपारी तराफे आहेत ना, आपण दोघी एकाच तराफ्यावर, काय?" आणि थोबेका हसली! सात महिन्यांनी हसली. आता खरं बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? पोर खोटारडी ठरली असती आणि मैत्रीण हातची गेली असती. मी मुकाट्याने मान चघळत बसलो.

दुपारी तराफे बांधायचे होते. रिकामी पिंपं, बांबू, दोऱ्या. प्रत्येक तराफ्यावर एक मोठं माणूस. माखोझांनी मला दंडाला धरून थेट थोबेकाच्या तराफ्याकडे ओढत नेलं. "भुंगाने, तुम्ही इथे! पोरीला पुरुषमाणसाचा आधार हवा."

"गाठी मी मारतो!" मी म्हणालो. "आमच्या आजोबांची गुरं माझ्या गाठीतून कधी सुटली नाहीत!"

गुरं सुटली नसतील. पिंपं सुटली! तळ्याच्या मधोमध एक डावीकडे गेलं, एक उजवीकडे, आणि मी सरळ खाली. मला पोहता येत नाही. पोरांना ती गंमत वाटली, अंगात तरंगायची जॅकेटं होती ना त्यांच्या. माझं जॅकेट मी माखोझांना बिडाच्या भांड्याखाली ठेवायला दिलं होतं.

"बाबा!" थोबेका किंचाळली. "कोणीतरी धरा! त्यांना पोहता येत नाही! बाबा!"

मी उभा राहिलो. पाणी कमरेपर्यंत होतं.

"तुला कसं माहीत?" स्नोथिलेने विचारलं. संपलं, मी मनात म्हटलं.

पण काठावरून माखोझांनी दोन्ही हात वर केले. "ऐकलंत? लेकराच्या तोंडून आपोआप बाबा निघालं! पूर्वजांचीच इच्छा! आणि बघा तरी, नाकसुद्धा जुळतंय!" पाण्यात उतरून त्यांनी थोबेकाचा हात माझ्या हातात दिला. "आजपासून हेच तुझे बाबा. कबूल?"

थोबेकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक बूट गेलेला, डोक्यावर शेवाळ.

"बघते," ती म्हणाली.

कुळनाव सर्वांत जास्त वेळा चुकलो मीच, त्यामुळे भांडी माझ्याकडे. थोबेका शेजारी येऊन बसली आणि फडकं घेतलं.

"स्नोथिलेला मी खरं सांगितलं."

"मग?"

"एक गुद्दा मारला. मग स्वतःचा कोरडा स्वेटर दिला." ती तेच पातेलं पुन्हा पुन्हा पुसत राहिली. "बाबा, मी लाजून नाही म्हटलं न्दोसी. घरात कोणीच ते नाव घेत नाही म्हणून म्हटलं. तुम्हीसुद्धा नाही."

मला रडू कोसळलं. साबणाच्या हाताने डोळे पुसले, त्यामुळे आणखी रडू आलं.

"न्दोसी," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. "घरी असंच म्हणा. शाळेत मात्र मी सरच म्हणणार."

परत निघताना पडियाची मॅडमनी मला थांबवलं. "मिस्टर हाडेबे, त्या मुलीच्या नालायक बापाला कुठूनही शोधून काढा आणि सोमवारी सकाळी आठ वाजता माझ्यासमोर उभा करा! काय ते मी बघते."

आज रविवार. मी शर्टाला इस्त्री करतोय.