एकदिवसीय सिंहदर्शन: तयारी, खर्च आणि शिल्लक

माणसाला जनावराकडे जायचं असेल तर आधी समिती नेमावी लागते. जनावराला माणसाकडे यायचं असेल तर अशी काही अट नाही. हत्तीच्या मनात आलं की तो कुंपण मोडतो आणि सरळ मक्यात शिरतो. जनावरं अजून मागासलेली का राहिली, याचं कारण इथेच सापडतं.

कियारीनी गावच्या 'तुमैनी' महिला बचत गटाला हे तत्त्व पुरतं उमगलेलं होतं. गटात बायका बावीस. गाव चहाच्या मळ्यांमधलं. गटाने आजवर पाण्याच्या अकरा टाक्या, बऱ्याचशा कोंबड्या आणि दोन गायी घेतल्या होत्या, पण तो काळ अंधाराचा होता. तेव्हा समिती नव्हती. (त्यामुळे गायी मिळाल्या, इतिवृत्त मिळालं नाही.) जेरुशा न्यागुथी चेअरलेडी झाल्या आणि गट उजेडात आला.

जानेवारीच्या सभेत शोशो वामाइथाने हात वर केला. शोशो म्हणजे आजी. ही गावाची आजी, वय एक्क्याऐंशी, आणि सभेत तोंड उघडायची ती फक्त तळलेल्या गोड मांदाझी खायला. तिने कमरेच्या फडक्याची गाठ सोडली आणि चार नाणी टेबलावर मांडली.

"हा विसाचा हत्ती. हा दहाचा सिंह, हा पाचाचा गेंडा, आणि हा एका शिलिंगाचा जिराफ. नवी नाणी आली तेव्हापासून यांना कमरेला बांधून फिरतेय. जनावरांचं उद्यान काय, दोन तासांवर. पण मेली एकदा भेट नाही. मरायच्या आधी हे हलताना बघायचेत गं मला."

बायकांचे डोळे पाणावले. गटाची खजिनदार पेनिना मुरिंगी, जी एरवी शाळेचे गणवेश शिवते आणि जिच्या कपाटाला गावातलं एकमेव धड कुलूप आहे, ती तर उठून शोशोच्या गळ्यातच पडली. "शोशो, खिडकीची जागा तुझी. माझा शब्द," ती म्हणाली. सभेत दिलेला शब्द इतिवृत्तात घेत नाहीत, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

प्रत्येकीने दीड हजार शिलिंग काढायचे ठरलं. झाले तेहतीस हजार. पेनिनाने मापाच्या चिठ्ठीमागेच हिशेब केला: पंचवीस जणांची बस चौदा हजार, तिकिटं तीनशेप्रमाणे सहा हजार सहाशे, जेवण सहा हजार. सगळ्या जणी जात होत्या, पोटभर जेवत होत्या, आणि वर सहा हजार चारशे उरत होते.

जेरुशाबाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "पेनिना, इतक्यात कसं गं झालं? यात काहीतरी राहिलंय."

राहिलं होतं ते नियोजन. बाईंच्या हे लगेच लक्षात आलं, आणि नेतृत्व म्हणतात ते यालाच. सात जणींची सहल समिती नेमण्यात आली. तिच्यात वाहतूक, भोजन, शिस्त आणि प्रार्थना अशी चार खाती होती. शिस्त खात्याच्या बाईंनी विचारलं, शिस्त कुणाला लावायची, आपल्याला की जनावरांना? हा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला, आणि अशा रीतीने पुढची बैठक जन्माला आली.

बैठका एकूण नऊ झाल्या. प्रत्येक बैठकीत सुरुवातीची प्रार्थना, मागच्या बैठकीचा आढावा, चहा, मांदाझी, पुढच्या बैठकीची तारीख आणि शेवटची प्रार्थना, इतकं काम होई. शिवाय बैठक भत्ता. (भत्ता आपण होऊन कुणीच मागितला नाही. तो ठरावाने आला, आणि ठरावाचा मान ठेवावाच लागतो.) एका बैठकीत जनावरांचा विषयही निघाला होता, पण तो कार्यक्रमपत्रिकेत नसल्यामुळे आवरता घेतला.

मग पाहणी दौरे झाले. अनोळखी ठिकाणी बावीस बायकांना कुणी आंधळेपणाने नेतं का? पहिल्या दौऱ्यात समितीने उद्यानाला गेट असल्याची खात्री करून घेतली. दुसऱ्या दौऱ्यात गेट अजून तिथेच असल्याची खात्री केली. तिसरा दौरा करावा लागला, कारण दुसऱ्यातला फोटो हलला होता. तिसऱ्यातला मात्र झकास आला: गेटावरच्या दरफलकाखाली समिती उभी, मधोमध जेरुशाबाई आणि त्यांची रुंद काठाची टोपी. तो गटाच्या व्हॉट्सॲपवर पडला, बायकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. फलकाची शेवटची ओळ टोपीआड गेली होती, पण फोटो चेहरे बघण्यासाठी असतो. पेनिना कुठल्याच दौऱ्याला नव्हती. शाळा उघडायच्या दिवसांत तिला मान वर करायला फुरसत नसते.

सहाव्या बैठकीत कुणाच्या तरी ध्यानात आलं, की आपल्या कार्यक्रमाला मानाचा पाहुणाच नाही. कियारीनीत पाण्याच्या नळाचंसुद्धा पाहुण्याशिवाय उद्घाटन होत नाही. मग सिंह काय नळाहून हलका? माजी कौन्सिलर किबुची यांचं नाव एकमताने ठरलं. ते लागोपाठ दोन निवडणुकांत पडल्यामुळे मोकळे होते. त्यांना भेट म्हणून फळांची टोपली आणि कांबळं, आणि समिती एकसारखी दिसावी म्हणून तिला रंगीबेरंगी कितेंगे कापडाची डोकीला बांधायची फडकी. समिती ओळखू आली नाही, तर सिंहाचा गैरसमज व्हायचा.

आठव्या बैठकीला पेनिनाने कुलपातले पैसे मोजले आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम, बस परवडत नाही आता. चौदा जणांची छोटी मटाटू गाडी मिळेल फार तर."

"मग चौदा जणी जाऊ," जेरुशाबाई म्हणाल्या. "देव थोडक्यातही बरकत देतो."

"चौदा नाहीत. पाहुण्यांच्या तीन जागा आहेत. ते, त्यांचे सेक्रेटरी आणि त्यांचा फोटोवाला," पेनिना म्हणाली.

"पण कौन्सिलर तर स्वतःच्या गाडीने येणारेत," भोजन खातं म्हणालं.

"येऊ देत!" जेरुशाबाई म्हणाल्या. "म्हणून जागा ठेवायची नाही? उद्या तुझ्या घरी जेवून आलेला पाहुणा आला, तर ताट मांडणार नाहीस?"

तेव्हा उरल्या जागा अकरा आणि बायका बावीस. समितीने हा पेच ज्या मायेने सोडवला, ती माया बघून दगडालाही पाझर फुटावा. ठराव असा: सत्तरीपुढच्या नऊ सदस्या आणि गुडघे दुखणाऱ्या दोघी यांच्या कमरेला खराब रस्त्याचा त्रास होऊ नये, म्हणून त्यांना प्रेमपूर्वक घरी ठेवावं. त्यांच्या तिकिटांचा खर्चही त्यामुळे वाचेल.

पेनिना उभी राहिली. "शोशोने तर ही सहल मागितली! माझी जागा तिला द्या."

"आणि पैसे कोण देणार? खजिनदार नाही तर गट नाही. बस खाली, बाळ."

ती बसली, आणि तिने सहीही केली. दिवसभर मशीनवर सरळ शिवण घालणारा तिचा हात त्या सहीवर वाकडा झाला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली होती, आणि ती वाटायलाच हवी होती.

सहलीच्या दिवशी सहाला निघायचं होतं. शोशो साडेपाचलाच मटाटूपाशी हजर. अंगात चर्चचा स्वेटर, टोपलीत उकडलेल्या अळकुड्या. तिला कुणी ठराव सांगितलाच नव्हता. जिने तिने 'दुसरी सांगेल' म्हणून सोडून दिलं होतं. पेनिनानेच सांगितला, जमिनीकडे बघत.

शोशोने टोपली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "कंबर माझी, आणि दुखते तुमच्या ठरावाला होय?"

किबुची साहेब येईपर्यंत अकरा वाजले. आले ते स्वतःच्या गाडीने, सेक्रेटरी आणि फोटोवाल्यासकट. पेनिनाने शेवटचा प्रयत्न केला. "मॅडम, तीन जागा रिकाम्याच चालल्यात. एकीवर शोशोला—"

"आणि साहेबांना वाटेत मटाटूत बसावंसं वाटलं तर? काय, उठ म्हणायचं म्हातारीला?" बाईंनी त्या जागांवर स्वच्छ पांढरं कापड अंथरलं.

शोशोने अळकुड्यांची टोपली पेनिनाच्या मांडीवर ठेवली. "घे, वाटेत खा. आणि सिंहाला सांग, मी आले होते इथपर्यंत." मटाटू वळणाआड जाईतो ती तिथेच उभी होती. पेनिनाने मागे वळून पाहिलं नाही, कारण तिला बघवत नव्हतं.

गेटाशी पोचायला दुपारचे दीड. तिथे स्वागत, प्रार्थना, गटाचा इतिहास, आणि मग साहेबांचं वन्यजीवांवर भाषण. ते म्हणाले, सिंह शूर असतो, हत्ती मोठा असतो, आणि गेल्या खेपेला मतमोजणीत गडबड होती. टाळ्या झाल्या. आभार मानले. टोपली आणि कांबळं घेऊन साहेब दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. ते आत येणार असं निमंत्रणात म्हटलंच नव्हतं.

तिकिटांचे पैसे चौदा जणांचे आगाऊ भरलेले. पहारेकऱ्याने पावती बघितली, मटाटूत डोकावला, पांढऱ्या कापडाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय हो, म्हाताऱ्या बायका नाही आणल्यात कुणी? बचत गट म्हणता ना?"

"त्यांची तिकिटं वाचवली," जेरुशाबाई अभिमानाने म्हणाल्या.

"कसली तिकिटं? सत्तरीपुढे फुकट आहे की." त्याने फलकाची शेवटची ओळ दाखवली. आज टोपी आड नव्हती.

जेरुशाबाईंनी डोक्याचं फडकं नीट बसवलं. मग त्या म्हणाल्या की ही माहिती महत्त्वाची आहे, ती पुढच्या बैठकीत घेऊ.

उद्यान सहाला बंद होतं. आत शिरल्यावर साडेतीन झाले होते, म्हणून भोजन खात्याने आधी भोजन उरकायचं ठरवलं. डबे उघडताक्षणी बबून माकडांची एक टोळी आली. त्यांच्यात चेअरलेडी कोण हे कळलं नाही, पण काम चोख झालं: चपात्या एकाने, अंडी दुसऱ्याने, पाठ फिरवून झाडावर. त्यांची बैठक झाल्याचं कुणी पाहिलं नाही. खिडक्या घाईने लावल्या त्या भीतीने पुन्हा उघडल्याच नाहीत, आणि अकरा जणींच्या श्वासाने काचा धुकटल्या. पाहिलेले प्राणी: माकडं, दोन रानडुकरं, आणि सिंहाच्या रंगाचा एक दगड, ज्याचे सर्वांनी फोटो घेतले. वाटेत शोशोच्या अळकुड्यांवरच सगळ्यांची भूक भागली.

पुढल्या सभेत हिशेब सादर झाला, तो असा. बैठका पाच हजार चारशे. पाहणी दौरे सहा हजार तीनशे. फडकी चार हजार चारशे. मानाचा पाहुणा तीन हजार दोनशे. मटाटू सात हजार. तिकिटं (पांढऱ्या कापडाच्या तिघांसह) चार हजार दोनशे. भोजन (बबूनांचं) अठराशे. फोनवरून पैसे पाठवण्याचा आकार तीनशे चार. शिल्लक तीनशे शहाण्णव. ती घरी राहिलेल्या अकरा जणींत वाटायची ठरली. बाकीच्या पैशांबद्दल जेरुशाबाईंनी समजावलं, की सहलीचा खरा आनंद तयारीत असतो, आणि तयारी सगळ्यांच्याच नावाने केली होती.

पेनिना शोशोकडे गेली आणि तिच्या तळहातावर छत्तीस शिलिंग ठेवले. सुटी नाणी तेवढीच होती तिच्याकडे: एक वीस, एक दहा, एक पाच, एक एक.

शोशोने नाणी डोळ्यांजवळ नेली. "हत्ती, सिंह, गेंडा, जिराफ. चारही आले म्हणायचे. तू काय काय बघितलंस?"

"दोन डुकरं."

"म्हणजे मीच जिंकले की गं." शोशो हसली, आणि हसता हसता थांबली. "पण हे हलत नाहीत, पेनिना."

पेनिनाला रडू कोसळलं. फलकावरची ओळ, टोपी, रिकाम्या जागा, सगळं तिने सांगून टाकलं. शोशोने शांतपणे ऐकलं. "फुकट आहे? मग चल की."

"हो शोशो, नक्की. त्यासाठी एक छोटीशी बैठक—" पेनिनाच्या तोंडून आपसूकच निघालं.

शोशोने काठी उचलली. ती मारायला की चालायला, हे पेनिनाने विचारलं नाही; ती मुकाट्याने उठली.

त्या आठवड्यात दोघी दुधाच्या गाडीवरून गेटापर्यंत गेल्या. गेटाशी एका शाळेची बस उभी होती आणि तिच्यात दोन जागा मोकळ्या होत्या. मास्तरांनी विचारलं, "शोशो, येतेस का?" एवढ्यावर ठरलं. दुपारी एका हत्तिणीने पिल्लासकट रस्ता ओलांडला आणि बस थांबली. शोशो खिडकीतून बघत राहिली, आणि तिने पेनिनाचा हात इतका घट्ट धरला की त्यावर वळ उठले. "हलतोय गं," ती म्हणाली. "सगळा हलतोय."

समितीच्या मते ही सहल झालेलीच नाही. तिचा ठराव नाही, पाहणी नाही, पाहुणा नाही, आणि एका हत्तिणीच्या सांगण्यावर कुठलाही गट चालत नाही. शिस्त खात्याला अखेर काम मिळालं: पेनिनाला खजिनदारपदावरून दूर करण्यात आलं आणि ती जागा आता रिकामी आहे.

नव्या खजिनदाराची पात्रता समितीने साधीच ठेवली आहे. त्याने बसल्या जागेवरून न हलता सबंध सहल पार पाडलेली असावी, एकही जनावर पाहिलेलं नसावं, आणि वरचा हिशेब वाचताना एकदाही बेरीज करून पाहिलेली नसावी. आपण इथवर आलात, तेव्हा आपली निवड बिनविरोध झाली आहे. दहाव्या बैठकीला या; मांदाझी आहेत.